बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला

माझ्या हातची खीर गावाने खायची बंद केली ती एका कार्डामुळे, आणि ते कार्ड मीच लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘मग तुम्ही गप्प का नाही बसलात?’ असं पुढे कुणी विचारायला नको. गप्प बसणं हाच तर माझा स्वभाव. सदुसष्ट वर्षांत माझा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेलेला नाही. माझे नेमही साधे आहेत. रोज पहाटे पाचला जपमाळ, शुक्रवारी कॉफी नाही, गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन, आणि मंगळवारी कशाचीही आणि कुणाचीही तक्रार नाही. हा शेवटचा नेम सगळ्यांत सोपा म्हणून घेतला होता. देव नेमके सोपे नेमच लक्षात ठेवतो, हे मला उशिरा कळलं.

शिवाय वर्षाचा एक नवस. नाताळात मांडलेल्या गव्हाणीतून बाळ येशूला दोन फेब्रुवारीच्या आत उचलायचं, आणि त्याआधी शेजारपाजार बोलावून बाळाची प्रार्थना करायची, सगळ्यांना खाऊ घालायचं, ही आमच्या गावातली घरोघरची रीत. माझ्या मुलीच्या, सिनियाच्या, आजारपणात मी त्यात भर घातली: माझ्या हातची, दालचिनी घातलेली तांदळाची खीर, चाळीस वाट्या. चाळीसच्या चाळीस रिकाम्या झाल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही, आणि तोवर मी स्वतः एक चमचाही तोंडात घालायचा नाही. सिनिया बरी झाली, मोठी झाली, लग्न होऊन किनाऱ्याकडे गेली. एकतीस वर्षं चाळीस वाट्या अर्ध्या तासात संपत आल्या. आमच्या सान्ता फिलोमेनात माझ्या खिरीसाठी लोक सकाळपासून हलकं जेवतात, हे मी गर्वाने सांगत नाही. लोकच सांगत. म्हणजे, सांगत असत.

आता कार्डाकडे येते.

माझी नणंद फ्लोरी भिंतीपलीकडे राहते. तिची नजर गेल्यापासून रोज दुपारी तीन वाजता मी तिला वाचून दाखवते. सुरुवात संतांच्या चरित्रांनी केली होती. चौथ्या संताला ती म्हणाली, “एमेरिता, हे सगळे शेवटी मारलेच जातात गं. पण कुणी मारलं ते पहिल्याच पानावर सांगून टाकतात. मजा काय त्यात?” तिला मजा हवी होती. म्हणून वाचनालयातल्या यामिलेथने मला इन्स्पेक्टर नोएलिया उमान्याच्या रहस्यकथांची मालिका दिली. एकेका भागात तीन-तीन खून. मी आधी मनात क्षमा मागायचे, मग वाचायचे. आंधळ्या माणसाला वाचून दाखवणं हे पुण्यच आहे. काय वाचून दाखवावं याबद्दल शास्त्रात काही म्हटलेलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचा पाचवा भाग संपला. नाव ‘दालचिनीचा वास’. फ्लोरीला लगेच सहावा हवा होता.

“सहावा येणार नाही,” यामिलेथ म्हणाली. “राजधानीहून पत्र आलंय. प्रत्येक भागावर वाचकांची निदान दहा मतं भिंतीवर लागली तरच पुढचा भाग धाडणार. पाचव्यावर नऊच आहेत. डोन्या एमेरिता, तुम्ही एक लिहा ना. दोन ओळी. तुमचं अक्षर किती सुंदर आहे!”

मी भिंतीवरची नऊ मतं वाचली. एकाने लिहिलं होतं, ‘इन्स्पेक्टर नोएलिया पाच भागांत एकदाही धड जेवलेली नाही. बाई उभी कशी राहते?’ दुसऱ्याने, ‘खून उत्तम, पाऊस जास्त.’ कोपऱ्यावर दुकान चालवणाऱ्या डोन्या नुबियाने लिहिलं होतं, ‘तिचं आणि त्या डॉक्टरचं लग्न लावून टाका, म्हणजे ती रात्री वेळेवर घरी येईल.’ निवृत्त हवालदार उलिसेस यांचं मत दोन कार्डांवर पसरलं होतं: ‘असा तपास होत नसतो. आमच्या वेळी आधी गाडीच्या चाकाला परवानगी लागायची, मग गाडीला.’ आणि एका सहीविना कार्डावर: ‘खुनी बाई स्वतः खीर खात नाही, नवस आहे म्हणते, तेव्हाच मला संशय आला. पान चौऱ्याण्णव.’

हे शेवटचं मत मी त्या दिवशी वाचलं आणि सोडून दिलं. माणसाने काय सोडून द्यावं याची मला कधी जाण नव्हती.

पुस्तकातली खुनी बाई, डोन्या पिएदाद, ही विधवा, देवभोळी, हळू बोलणारी. बाळाच्या प्रार्थनेला येणाऱ्यांना ती खिरीतून विष घालते. आल्या आल्या वाटी हातात. जपमाळेच्या पाच भागांना आम्ही रहस्यं म्हणतो; चौथं रहस्य म्हणेपर्यंत माणूस आडवा. यात मला काही लागलं नाही. जगात देवभोळ्या विधवा पुष्कळ आहेत. मला खटकला तो पत्ता. आमच्याकडे घरांना आकडे डकवायची नगरपालिकेची योजना माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. तोवर सगळे खुणेवरून पत्ता सांगतात, आणि खूण नाहीशी झाली तरी पत्ता तोच राहतो. पान एक्याण्णववर छापलं होतं: ‘ज्वालामुखीच्या उतारावरच्या त्या गावात, जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचवीस मीटर पूर्वेला, हिरवं फाटक.’

आमचा बर्फाचा कारखाना एकाहत्तर साली जळाला. तिथे आता टायरचं दुकान आहे. पण पत्त्यात कारखानाच आहे. त्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला आलं की चौक लागतो. चौकातून पंचवीस मीटर पश्चिमेला पाद्रींचं घर. पंचवीस मीटर पूर्वेला माझं.

चूक दिसली की दुरुस्त करावी, एवढंच माझ्या मनात होतं. मी कार्डावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: ‘पुस्तक चांगले आहे. खून नेटके झाले आहेत. परंतु पान ९१ वर दिलेल्या पत्त्यावर खुनी बाई राहत नाही. तेथे मी राहते. कृपया दुरुस्ती व्हावी. एमेरिता सोलानो, विधवा.’

यामिलेथने ते टाचणीने भिंतीच्या मधोमध लावलं. दहा मतं पूर्ण झाली म्हणून मला गुळाचं गरम पाणी पाजलं. घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

तोपर्यंत हा पत्ता कुणाच्याही लक्षात आला नव्हता, हे इथे नमूद करते. नऊ जणांनी पुस्तक वाचलं, एकालाही माझं घर आठवलं नाही. उलिसेसनासुद्धा नाही, आणि त्यांची सगळी नोकरी पत्ते शोधण्यात गेली. ते माझ्या कार्डामुळे आठवलं. आठवड्याभरात भिंतीवर सत्तावीस मतं झाली आणि पुस्तकासाठी एकतीस जणांची यादी लागली. ‘मी स्वतः चालत जाऊन पाहिलं. कारखान्यापासून दोनशे मीटर बरोबर भरतात.’ ‘फाटक हिरवंच आहे.’ ‘माझी आई म्हणते, ती बाई कधी मोठ्याने बोललेलीच नाही. तुम्हीच ठरवा.’ कुणी शहाण्याने तर मालिकेला पाचपैकी पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, ‘लेखिकेने आपलं गाव किती बारकाईने पाहिलंय!’ लेखिका राजधानीत राहते आणि आमच्या गावात तिने कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण हे लिहायला मला पुन्हा कार्ड मागावं लागलं असतं, आणि एका कार्डाने एवढं झालं होतं.

माझ्या दारात माणसं थांबू लागली. आधी दोघंतिघं, चर्चला जाता-येता. मग बाजूच्या गावचा वाचकांचा एक गट आला, हातात पुस्तक घेऊन. त्यातल्या एकीने मला अंगणात पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, “अय्या, हुबेहूब आहे गं!” मी त्यांना आत बोलवून नारळाच्या वड्या दिल्या. पाहुणा दारात उभा राहावा हे मला पटत नाही. पाचही जणींनी वड्या कागदात बांधून घेतल्या. “घरी जाऊन खाऊ हं,” म्हणाल्या. त्या वड्या पुढे कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात सापडल्या, शेजारी पुराव्याची राखण करत उलिसेस उभे.

सल्ले सुरू झाले. डोन्या नुबिया दुकानातूनच ओरडली, “डोन्या एमेरिता, तुम्ही जरा मोठ्याने बोलत चला! हळू बोलणाऱ्या माणसाचा लोकांना संशय येतो. हे बघा, मी कशी बोलते, माझ्यावर कुणी घेतला का कधी?” फ्लोरी म्हणाली, “फाटकाला रंग लाव. हिरवं फाटक नाही, म्हणजे तू नाहीस. संपलं.” हे मला पटलं. दोन दिवस खपून मी फाटकाला निळा रंग दिला, मरियेच्या झग्यासारखा. सांध्याला दुखणं लागलं, पण फाटक प्रसन्न दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवं कार्ड: ‘पान २१२ पाहा. मग फाटक पाहा.’

मी पान २१२ काढलं. पुराव्याचा मागमूस राहू नये म्हणून डोन्या पिएदाद हिरवं फाटक रातोरात निळं करते.

“पण हे तू मला वाचून दाखवलंच नाहीस!” फ्लोरी भडकली.

“त्या प्रकरणात... कपडे नव्हते.”

“फाटकाला?”

“माणसांना. इन्स्पेक्टर आणि तो डॉक्टर. मी ती बारा पानं उलटून पुढे गेले.”

“बारा पानं!” फ्लोरी त्या रात्री झोपलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून म्हणाली, “एमेरिता, आधीच्या चार भागांत मिळून किती पानं गेली असतील गं?” मी उत्तर दिलं नाही. तो गुरुवार होता आणि बाराला पाच मिनिटं कमी होती. देवाने दिलेली एवढीच एक सवलत त्या महिन्यात मला मिळाली.

पण प्रार्थनेचा दिवस जवळ येत होता. मी जानेवारीतला शेवटचा रविवार धरला होता. ज्यांना ज्यांना सांगायला गेले ते सगळे म्हणत, “येणार तर! आम्ही नक्की येणार!” आणि मग हळूच, “मात्र खीर नको हं. डॉक्टरने साखर बंद केलीय.” त्या महिन्यात आमच्या गावात मधुमेहाची साथ आली होती. डोन्या नुबिया, जी दुकानातला गूळ ग्राहकासमोर चाटते, तीसुद्धा म्हणाली, “माझं रक्त गोड झालंय हो.” चाळीस वाट्या कोण रिकाम्या करणार? आणि त्या रिकाम्या झाल्या नाहीत तर बाळ गव्हाणीतच राहणार, दोन फेब्रुवारी उलटून जाणार, आणि एकतीस वर्षांत एकदाही न मोडलेला नवस खुनांच्या एका गोष्टीपायी मोडणार. सिनियाला मी फोनवर काही सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं, “आई, तुझं घर पुस्तकात आलंय म्हणे? इथे किनाऱ्यावर सगळे मला विचारतात.”

मग मी पाद्रींकडे गेले. आमचे पाद्रे एव्हेलियो अडतीस वर्षांचे आहेत आणि मला ‘मुली’ म्हणतात.

“मुली,” ते म्हणाले, “अपमान म्हणजे देवाने धाडलेला साबण. चुरचुरतो, पण आत्मा स्वच्छ करतो. सोसावा.”

“पाद्रे, मी सोसतेच आहे. पण पत्ता तेवढा बदलता आला तर... नगरपालिकेत तक्रारीची खिडकी फक्त मंगळवारी उघडते, आणि मंगळवारी मी तक्रार करत नाही.”

त्यांनी डोळे मिटून विचार केला. “तक्रार करू नकोस. विनंती कर.”

असं त्यांना सुचतं म्हणूनच ते पाद्री आहेत, असं मला वाटलं. मी मंगळवारी तीन तास रांगेत उभी राहिले. खिडकीपलीकडे सेन्योर ब्रेनेस होते. मी अगदी हळू म्हटलं, “माझी तक्रार नाही. विनंती आहे.”

“विनंतीची खिडकी गुरुवारी,” ते म्हणाले. “बाराच्या आत.”

गुरुवारी बाराच्या आत मी बोलत नाही. म्हणून सगळं कागदावर लिहून नेलं, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नारळाच्या वड्यांचा डबा. आता विचार करा: एक हळू चालणारी विधवा येते, एक शब्द न बोलता कागद सरकवते, आणि त्यावर डबा. सेन्योर ब्रेनेस यांनी कागद वाचला, डब्याकडे पाहिलं आणि खुर्ची अर्धा हात मागे घेतली.

“तुम्हीच का त्या?”

मी मानेने ‘नाही’ म्हटलं.

“नाही कसं? राहत्या जागेचा पुरावा दाखवा.” मी विजेचं बिल दाखवलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, “जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचवीस मीटर पूर्वेला. म्हणजे तुम्ही मान्य करता.” मागच्या रांगेत कुजबुज झाली. “हे पाहा, हा पत्ता नगरपालिकेने दिलेला नाही. जो दिला नाही तो काढून घेता येत नाही. आणि कारखाना जागेवर नाही. जो नाही तो हलवायचा कसा? तुम्ही दुसरी खूण सुचवू शकता. उदाहरणार्थ, जुनं अंजिराचं झाड.”

मी लिहिलं: ‘ते झाड तोडलं.’

“चालेल,” ते म्हणाले. “फक्त तुम्हाला जुन्या पत्त्यावरून ओळखणाऱ्या सगळ्यांच्या सह्या लागतील.” जुन्या पत्त्यावरून मला तेव्हा निम्मा देश ओळखत होता. मी कागद घडी करून परत घेतला. डबा त्यांनी एका बोटाने माझ्याकडे सरकवला. “डॉक्टरने साखर बंद केलीय,” ते म्हणाले.

रविवार उजाडला. मी पहाटे उठून दूध तापत ठेवलं. तांदूळ शिजताना दालचिनीचा वास घरभर सुटला आणि मला पहिल्यांदा त्या वासाची भीती वाटली. चाळीस वाट्या भरून टेबलावर मांडल्या. फ्लोरी सकाळपासून उपाशी येऊन गव्हाणीजवळच्या खुर्चीत बसली होती.

चार वाजता लोक आले. चाळीस म्हणते? साठ असतील. एवढी गर्दी माझ्या घरात कधीच झाली नव्हती. सगळी वाचक मंडळी. कुणी गव्हाणीकडे पाहत नव्हतं, सगळे स्वयंपाकघराकडे पाहत होते. सेन्योर ब्रेनेससुद्धा बायकोला घेऊन आले होते. आमच्याकडे आल्या आल्या वाटी हातात द्यायची पद्धत आहे. ती नाकारणं अगदीच वाईट दिसतं, म्हणून ज्यांना मिळाल्या त्यांनी घेतल्या. आणि धरून उभे राहिले. चाळीस माणसं, चाळीस भरलेल्या वाट्या, एकाचाही चमचा हलेना. एकतीस वर्षांत मला माझ्या घरात चमच्यांचा आवाज ऐकू आला नाही असं कधी झालं नव्हतं.

“घ्या ना,” मी म्हटलं.

“तुम्ही आधी,” डोन्या नुबिया म्हणाली.

“मी कसं घेऊ? तुम्हाला ठाऊक आहे, माझा नवस आहे. चाळीस वाट्या संपल्याशिवाय मी खात नाही.”

घरात असा शुकशुकाट झाला की गव्हाणीतली मातीची गाय हंबरली असती तर ऐकू आली असती. उलिसेस हळूच म्हणाले, “पान चौऱ्याण्णव.” साठ माना हलल्या.

काय सांगू? मी खाल्ल्याशिवाय ते खाणार नव्हते, आणि त्यांनी खाल्ल्याशिवाय मला खाता येणार नव्हतं. मी बाळाकडे पाहिलं. ते गवतात पडून हसत होतं. त्याला काय, त्याला कुणी पुस्तकात घातलं तरी चांगल्याच माणसाच्या जागी घालतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोठ्याने काहीच बोलले नाही, तेवढा आवाजच माझ्यात नाही. एवढंच म्हटलं, “एकतीस वर्षं तुम्ही माझ्या हातचं खाल्लंत.”

तेवढ्यात फ्लोरीने खुर्चीतून हात पुढे केला. “मी सकाळपासून उपाशी आहे आणि तुम्ही वाट्या धरून काय उभे आहात? नुबिया, आण इकडे तुझी. रक्त गोड झालंय ना तुझं?” तिने नुबियाची वाटी संपवली. मग यामिलेथची. मग उलिसेसची, तीसुद्धा चमचा नीट चाटून. “आता सुरू करा प्रार्थना,” ती म्हणाली. “चौथ्या रहस्याला मी पडले तर कळेलच.”

मान म्हणून त्या वर्षी जपमाळ पाद्रे एव्हेलियोच म्हणणार होते. ते गव्हाणीसमोर उभे राहिले. पहिलं रहस्य झालं. लोक प्रार्थना म्हणत होते आणि फ्लोरीकडे पाहत होते. दुसरं झालं. फ्लोरी सुरात म्हणत होती. तिसऱ्याला तिचा आवाज मंदावला. उलिसेस यांनी घड्याळ काढून हातात धरलं. आमच्याकडे पाच रहस्यांना वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी पाद्रींनी तिसरं जे धावत म्हटलं ते पाहता पंधराही लागली नसती.

चौथं रहस्य सुरू झालं आणि फ्लोरीची मान छातीवर पडली. हातातली वाटी फरशीवर घरंगळत टेबलाखाली गेली.

“मेली!” नुबिया ओरडली.

“कुणीही हात लावू नका!” उलिसेस यांनी दोन्ही हात पसरले. “दार बंद करा! कुणी बाहेर जायचं नाही!” सेन्योर ब्रेनेस यांनी वाटी दोन्ही हातांनी पोटापासून लांब धरली. पाद्रींनी प्रार्थना तिथेच थांबवली. मी माणसं बाजूला सारत फ्लोरीकडे धावले. मला माझ्या खिरीबद्दल एक क्षणही शंका नव्हती, हे शपथेवर सांगते. बरं, एक क्षण होती. इतक्या लोकांनी इतकी खात्री धरली की माणूस स्वतःच्याच हाताकडे पाहायला लागतो.

आणि फ्लोरी घोरली. एकदाच, पण असं की खिडकीच्या काचा थरथरल्या.

मग तिने डोळे उघडले. “झाली का प्रार्थना? नाही? मग मध्येच का थांबलात? आणि पाद्रे, आज तुम्ही फार घाई करताय. एमेरिता, माझी चौथी वाटी कुठाय?”

आधी यामिलेथ हसली. मग कुणीतरी मागे हसलं. मग मला तो आवाज ऐकू आला, ज्यासाठी मी महिनाभर कान लावून बसले होते: एक चमचा वाटीला लागला. मग दुसरा. पाचवं रहस्य लोकांनी तोंडात घास धरून म्हटलं, पण देवाला ते कळलं असेल. सेन्योर ब्रेनेस यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि डोळे पुसत बायकोला म्हणाले, “पुस्तकात चवीबद्दल एक ओळही नाही बघ.” उलिसेस यांनी रिकाम्या वाट्या टेबलावर रांगेत मांडून मोजल्या. सवयच ती.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले.

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. चाळिसावी वाटी पाद्रे एव्हेलियोंच्या हातात होती. भरलेली. सायही मोडलेली नव्हती.

“मला जरा...” ते म्हणाले, “साखर...”

“पाद्रे,” फ्लोरी म्हणाली, “परवा माझ्याकडे तुम्ही मक्याचे तीन तामाल खाल्लेत आणि वर केळ्याचा हलवा. नजर गेलीय माझी, कान नाही गेले.”

ज्यांच्या श्रद्धेवर अख्खं गाव चालतं त्या पाद्रींनी वाटीवर क्रूसाची खूण केली, स्वतःवर केली, पुन्हा वाटीवर केली, डोळे मिटले आणि खीर एखाद्या औषधासारखी गिळली. मग डोळे उघडून त्यांनी वाटीच्या तळाशी पाहिलं. “अजून आहे का?” त्यांनी विचारलं. नव्हती. मी गव्हाणीतून बाळाला उचललं, सगळ्यांनी त्याच्या पायांचं चुंबन घेतलं, आणि त्या वर्षी माझ्या वाट्याला फक्त पातेल्याची खरवड आली. तशी खरवड मी आयुष्यात खाल्लेली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण यामिलेथ कामाला चोख आहे. तिने भिंतीवरची सगळी मतं, माझं कार्ड सगळ्यांत वर ठेवून, राजधानीला धाडली होती. ऑगस्टमध्ये पाचव्या भागाची सुधारित आवृत्ती आली, सोबत माझ्या नावे एक पत्र. ‘आपल्यासारख्या चोखंदळ वाचकामुळेच मालिका निर्दोष होते. लेखिकेने आपली सूचना मान्य केली असून पत्ता बदलला आहे.’ मी पान एक्याण्णव उघडलं. बिचारीने फार काही बदललं नव्हतं. एकच शब्द. ‘जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला, पंचवीस मीटर पश्चिमेला.’

मंगळवारी दुपारी फाटक वाजलं. पाद्रे एव्हेलियो होते, झग्याच्या बाहीत पुस्तक लपवलेलं.

“मुली, हे पाहिलंस? माझ्या दारात माणसं उभी राहतायत! आज सकाळी एका बाईने प्रसादाची भाकर जिभेवर घेतली आणि बाहेर जाऊन...” त्यांनी पुस्तक माझ्या हातात कोंबलं. “तू ताबडतोब त्यांना लिहून कळव!”

“पाद्रे, आज मंगळवार. आज मी तक्रार करत नाही.”

“मग विनंती कर!”

“ती गुरुवारी. बाराच्या आत.”

ते खुर्चीत बसले. मला त्यांची खरंच दया आली. मी हळूच म्हटलं, “अपमान म्हणजे देवाने धाडलेला साबण, पाद्रे. चुरचुरतो, पण...” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि आतून वाटीभर खीर आणून दिली. या वेळी त्यांनी ती क्रूसाची खूण न करता खाल्ली.

“तुझं अक्षर सुंदर आहे,” जाताना दारातून ते म्हणाले. “दोन ओळी लिही. फक्त खरं काय ते.”

देवाच्या माणसाचा शब्द मी कधी मोडलेला नाही. बुधवारी सकाळी जपमाळ झाल्यावर मी वाचनालयात गेले, यामिलेथकडून एक कोरं कार्ड घेतलं आणि फक्त खरं काय ते लिहिलं: ‘सुधारित आवृत्तीही चांगली आहे. परंतु पान ९१ वर दिलेल्या पत्त्यावर खुनी बाई राहत नाही. तेथे आमचे पाद्री राहतात. कृपया दुरुस्ती व्हावी.’

दुपारी तीनला फ्लोरीकडे जाताना मी डोकावले, तेव्हा त्याखाली एकोणीस मतं लागली होती.